धुराची वाट

मुलांनो, तुमच्यापैकी काहींनी चुलीवरचा स्वयंपाक पाहिला असेल. लाकूड ओले असले, की चूल लवकर पेटत नाही. फुंकणीने कितीही फुंकले, तरी जाळ होण्याऐवजी धूरच होतो. डोळे चुरचुरतात, ठसका लागतो आणि घरातली माणसे दाराकडे धावतात. पण त्याच चुलीवर चांगले धुराडे असेल, तर धूर निमूटपणे छपराबाहेर निघून जातो. असे का होते? धुराला वाट दाखवावी लागते का? आणि धुराची वाट चुकली, तर काय होते?

या प्रश्नांचा पिच्छा ज्याने आयुष्यभर सोडला नाही, अशा एका माणसाची ही हकीकत आहे. त्याचे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. वादळात पतंग उडवून आकाशातली वीज आणि प्रयोगशाळेतली वीज एकच आहे, हे दाखवणारा बेंजामिन फ्रँकलिन तो हाच. पतंगाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते. धुराड्याची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. आपण आज तीच पाहू.

बेंजामिनचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन या गावी झाला. त्या वेळी अमेरिका हा स्वतंत्र देश नव्हता. तेथे इंग्रजांच्या वसाहती होत्या. बेंजामिनचे वडील इंग्लंडहून तेथे येऊन स्थायिक झाले होते. त्यांचा धंदा मेणबत्त्या आणि साबण तयार करण्याचा. त्यांना एकूण सतरा मुले झाली. बेंजामिन हा पंधरावा आणि मुलग्यांमध्ये सर्वांत धाकटा. कधी कधी तेरा मुले एका वेळी जेवायला बसत, अशी त्या घराची आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या कुटुंबात शिक्षणाला पैसा कोठून येणार? बेंजामिनची शाळा दोन वर्षांतच सुटली. दहाव्या वर्षी तो वडिलांच्या दुकानात कामाला लागला. चरबी वितळवायची, वाती कापायच्या, साच्यांत ओतायचे. ते काम त्याला मुळीच आवडत नसे. म्हणून बाराव्या वर्षी वडिलांनी त्याला थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून ठेवले. तेथे त्याला पुस्तके मिळाली आणि वाचनाचे वेड लागले. पण भावाशी त्याचे पटेना. सतराव्या वर्षी, म्हणजे १७२३ साली, तो घर सोडून निघाला आणि फिलाडेल्फिया शहरात येऊन पोहोचला. खिशात थोडे पैसे, अंगावर मळलेले कपडे, दोन्ही बगलांत एकेक पाव आणि तिसरा पाव खात खात तो रस्त्याने चालला होता. दारात उभी असलेली एक मुलगी त्याचे हे ध्यान पाहत होती. तिचे नाव डेबोरा रीड. पुढे तीच त्याची पत्नी झाली.

त्यानंतरची काही वर्षे आपण भराभर ओलांडू. फ्रँकलिन लंडनला जाऊन छपाईचे काम शिकून आले. त्यांनी स्वतःचा छापखाना काढला. १७२९ साली एक वृत्तपत्र हाती घेतले. १७३१ साली मित्रांच्या मदतीने वाचनालय सुरू केले. दरवर्षी एक पंचांगासारखे पुस्तक ते छापू लागले आणि ते घराघरांत पोहोचले.

आता फिलाडेल्फिया शहराकडे पाहू. तेथे हिवाळा कडक. नद्या गोठतात. प्रत्येक घरात दिवसभर लाकडाचा विस्तव पेटलेला असे. भिंतीत मोठा कोनाडा करायचा, त्यात ओंडके जाळायचे आणि वर विटांचे धुराडे बांधायचे, अशी पद्धत होती. घरांत लाकडाचे काम भरपूर. जमीन लाकडाची, जिने लाकडाचे, कित्येक छपरेही लाकडाच्या फळ्यांची. अशा घरात एक ठिणगी भलत्या जागी पडली, की पुरे! १७३० साली नदीकाठच्या धक्क्यावर मोठी आग लागली. त्या आगीत गोदामे आणि घरे जळून गेली. आग विझवण्याची साधने शहरात पुरेशी नव्हती.

फ्रँकलिन यांनी या आगीचा विचार दोन बाजूंनी केला. लागलेली आग कशी विझवावी, ही एक बाजू. आग लागूच नये म्हणून काय करावे, ही दुसरी. १७३५ साली त्यांनी आपल्याच वृत्तपत्रात एक पत्र छापले. पत्राखाली स्वतःचे नाव घातले नाही. एका म्हाताऱ्या नागरिकाने लिहिले आहे, असा आव आणला. पण पत्रातली प्रत्येक सूचना बारीक नजरेने पाहून केलेली होती. लोक एका खोलीतला विस्तव दुसऱ्या खोलीत नेताना उघड्या फावड्यावर निखारे घेऊन जिने चढतात. एखादा निखारा फटीत पडतो आणि मध्यरात्री घर पेटते. तेव्हा निखारे झाकणाच्या भांड्यातून न्यावेत, असे त्यांनी सुचवले. विस्तवापुढची फरशी अरुंद ठेवू नये आणि कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी नक्षीच्या पट्ट्या ठोकू नयेत, हेही त्यांनी सांगितले.

त्याच पत्रात धुराडी झाडण्याविषयीचा मजकूर आहे. लाकूड जळताना जो धूर निघतो, त्यात न जळलेले कण आणि डांबरासारखा चिकट अंश असतो. धूर वर जाताना थंड होतो आणि हा अंश नळीच्या आतल्या बाजूस काजळी होऊन बसतो. थरावर थर चढतात. मग एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला, की हा थरच पेट घेतो. धुराड्यातून ज्वाळा बाहेर पडतात, ठिणग्या छपरांवर उडतात. धुराडे पेटले, तर त्या वेळी घरमालकाला दंड होत असे. फ्रँकलिन यांना त्यात अन्याय दिसला. नुकतेच झाडलेले धुराडे काही दिवसांतच पेटल्याचे त्यांनी पाहिले होते. मालक बिचारा धुराडे स्वच्छ आहे, या भरवशावर मोठा जाळ करतो. चूक असते झाडणाऱ्याची. म्हणून झाडणाऱ्यांना नगरप्रमुखाने परवाना द्यावा आणि झाडल्यापासून पंधरा दिवसांच्या आत धुराडे पेटले, तर दंड झाडणाऱ्याने भरावा, असे त्यांनी लिहिले.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या काळी धुराडी झाडायला लहान मुलांना आत चढवत. इंग्लंडमध्ये तर पाच-सहा वर्षांची मुलेसुद्धा या कामाला लावलेली असत. म्हणजे तुमच्याहून कितीतरी लहान! अरुंद, काळ्या नळीत ती गुडघे आणि कोपर टेकून वर सरकत. काही अडकत, काही गुदमरत. १८७५ सालच्या कायद्यानंतर कुठे तेथील ही प्रथा बंद झाली. धुराड्याच्या इतिहासात हे पानही आहे.

१७३६ हे वर्ष फ्रँकलिन यांच्या घरात फार दुःखाचे गेले. त्यांचा लाडका मुलगा फ्रान्सिस अवघा चार वर्षांचा होता. त्याला देवी आल्या आणि २१ नोव्हेंबरला तो गेला. देवीपासून बचाव करण्याची टोचणी त्या काळी माहीत होती. पण फ्रान्सिसला ती वेळेवर दिली गेली नव्हती. ही खंत फ्रँकलिन यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही. इतर आईबापांनी अशी चूक करू नये, म्हणून त्यांनी ती आत्मचरित्रात उघडपणे लिहिली. मुलाच्या मृत्यूनंतर सोळाच दिवसांनी, ७ डिसेंबर १७३६ रोजी, फिलाडेल्फियात आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांची पहिली मंडळी स्थापन झाली. ती स्थापन करण्यात फ्रँकलिन पुढे होते. प्रत्येक सभासदाने घरात चामड्याच्या बादल्या तयार ठेवायच्या, तसेच सामान बाहेर काढण्यासाठी मजबूत पिशव्या आणि टोपल्या ठेवायच्या. आगीची हाक आली, की धावायचे. दर महिन्याला बैठक होई. गैरहजर राहणाऱ्याला दंड. त्या दंडाच्या पैशांतून शिड्या, आकडे आणि पाण्याचे बंब विकत घेतले गेले. या मंडळीत जागा पुरेना, तेव्हा दुसरी निघाली, मग तिसरी. १७५२ साली फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने आगीच्या विम्याची संस्थाही सुरू झाली.

आपण मराठीत आग विझवणाऱ्या गाडीला बंब म्हणतो आणि न्हाणीघरातल्या पाणी तापवण्याच्या तांब्याच्या भांड्यालाही बंबच म्हणतो. हा दुसरा बंब कधी पाहायला मिळाला, तर जरूर पाहा. त्याच्या मधोमध एक उभी नळी असते. खाली विस्तव, मध्ये नळी, भोवती पाणी. नळी तापली, की धूर सरळ वर जातो आणि खालून नवी हवा विस्तवाकडे ओढली जाते. यातच सगळे मर्म आहे. गरम हवा थंड हवेपेक्षा हलकी असते. नळीतली हवा जितकी गरम आणि नळी जितकी उंच, तितकी ही ओढ जास्त. कंदिलाची काच काढली, तर ज्योत फडफडते आणि धूर सोडते. काच बसवली, की ती स्थिर होते. कारण काच हे कंदिलाचे धुराडेच आहे.

फ्रँकलिन यांच्या काळी लाकूड महाग होत चालले होते. पूर्वी दारात मिळणारे जळण काही शहरांना जवळजवळ १०० मैलांवरून आणावे लागे. आणि एवढे महाग लाकूड जाळून मिळायचे काय? भिंतीतल्या मोठ्या कोनाड्यातून बहुतेक उष्णता धुराबरोबर वर निघून जाई. शिवाय विस्तव हवा ओढून घेई आणि तिच्या जागी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची बर्फासारखी हवा आत येई. विस्तवासमोर बसलेल्या माणसाचे तोंड भाजे आणि पाठ गारठे. जर्मनीहून आलेल्या लोकांकडे लोखंडी बंद शेगड्या होत्या. त्यांनी खोली चांगली तापे. पण तीच ती हवा पुन्हा पुन्हा श्वासात घ्यावी लागे, आणि विस्तव डोळ्यांना दिसत नसे.

फ्रँकलिन यांनी दोन्हींतले चांगले घेऊन एक नवी शेगडी तयार केली. ही गोष्ट १७४१ च्या सुमाराची. बिडाच्या पत्र्यांची एक पेटी आणि तिचे तोंड उघडे, म्हणजे विस्तव दिसावा. विस्तवाच्या मागे एक पोकळ पेटी. जमिनीखालच्या वाटेने बाहेरची ताजी हवा या पेटीत यायची, आतल्या आडव्यातिडव्या पडद्यांमधून फिरत तापायची आणि बाजूच्या छिद्रांतून खोलीत पडायची. धूर मात्र वेगळ्या वाटेने जायचा. तो पोकळ पेटीच्या डोक्यावरून जाऊन मागे खाली उतरायचा, जमिनीलगत सरकायचा आणि मग भिंतीतल्या धुराड्यात चढायचा. जाता जाता त्याची उष्णता लोखंडाला मिळायची. फ्रँकलिन यांनी या शेगडीचा नमुना आपल्या लोखंडाच्या भट्टीवाल्या मित्राला देऊन टाकला. तो पत्रे ओतून विकू लागला.

१७४४ साली फ्रँकलिन यांनी शेगडीची माहिती देणारी पुस्तिका छापली. तिचा एक भाग गवंड्यासाठी आहे. जुन्या कोनाड्याच्या मागच्या भिंतीपासून चार इंच जागा सोडून विटांची दुसरी भिंत कशी उभी करायची, वरचे तोंड कसे बंद करायचे, हे त्यात सांगितले आहे. वरून हवा जाण्यास कोठेही फट राहू द्यायची नाही, नाहीतर धुराड्याची ओढ फुकट जाते. मग प्रश्न आला, की सगळे बंद केले तर धुराडे झाडायचे कसे? त्यासाठी त्यांनी वरच्या झाकणात एक दार ठेवायला सांगितले. ते उघडून मागे टेकवले, की मागची फट आपोआप झाकली जायची आणि झाडलेली काजळी पुढे फरशीवर पडायची. ज्या नळीत झाडू पोहोचत नाही, ती नळी आज ना उद्या पेटते, हे १७३५ साली पत्र लिहिणाऱ्या माणसाला चांगलेच ठाऊक होते.

पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरला ही शेगडी इतकी आवडली, की ती विकण्याचा हक्क काही वर्षे एकट्या फ्रँकलिन यांना द्यावा, असे त्यांनी ठरवले. फ्रँकलिन यांनी तो हक्क नाकारला. आपण दुसऱ्यांच्या शोधांचा फायदा घेतो, तर आपला शोधही दुसऱ्यांना मोकळेपणाने द्यावा, असे त्यांना वाटे. लंडनच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने मात्र त्या पुस्तिकेतून बरेचसे उचलले, थोडे बदल करून शेगडी बिघडवली, स्वतःच्या नावाने हक्क मिळवला आणि पैसाही कमावला. फ्रँकलिन त्याच्याशी भांडत बसले नाहीत.

आता शेगडीचा दोषही सांगायला हवा. धुराचा स्वभाव वर जाण्याचा. फ्रँकलिन यांच्या शेगडीत त्याला आधी खाली उतरावे लागे. जाळ चांगला असला आणि धुराडे तापलेले असले, तर हे जमून जाई. पण जाळ मंद झाला, किंवा धुराडे गार असले, तर धूर वाटेतच थंड पडे आणि उलटा खोलीत येई. शिवाय ती बसवायला कुशल गवंडी लागे. म्हणून पुढच्या लोकांनी ती बदलली. फिलाडेल्फियाचेच शास्त्रज्ञ डेव्हिड रिटनहाउस यांनी धूर खाली न उतरवता नळीने मागे आणि सरळ वर नेला. अशा बदललेल्या शेगड्यांनाही लोक फ्रँकलिनची शेगडी असेच म्हणत राहिले.

त्यांच्या अनुभवातून निघालेला नियम आजही पाळला जातो. शेगडीपासून निघालेली नळी कोठेही खाली उतरता कामा नये. आडवा भाग असलाच, तर तोही किंचित चढता हवा. वळणे जितकी कमी, तितके बरे. नळीचे तुकडे जोडताना वरच्या तुकड्याचे टोक खालच्या तुकड्याच्या आत जाईल, असे बसवतात. पाहिल्यावर हे उलटे वाटते. पण नळीत साचलेला डांबरी ओघळ खाली येताना सांध्यातून बाहेर न गळता आतल्या आत शेगडीत परत जावा, म्हणून ते तसे असते. प्रत्येक सांध्याला तीन स्क्रू घट्ट बसवतात. अमेरिकेतल्या सध्याच्या नियमांप्रमाणे साधी एकपदरी नळी लाकडी भिंतीपासून १८ इंच दूर असावी लागते. धुराडे छपरातून जेथे बाहेर पडते, तेथून ते निदान ३ फूट उंच हवे आणि भोवतालच्या १० फुटांत छपराचा जो भाग असेल, त्याहून २ फूट वर हवे. धुरासोबत कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायूही बाहेर जात असतो. त्याला रंग नाही, वास नाही. नळी तुंबली, की तो घरात पसरतो आणि झोपलेल्या माणसाला कळतही नाही. फ्रँकलिन यांच्या हयातीत या वायूची नीट ओळख पटलेली नव्हती.

१७५७ साली फ्रँकलिन लंडनला राहायला गेले. तेथे भाड्याच्या घरात त्यांनी धुराड्याच्या तोंडाशी लोखंडाची एक सरकती पट्टी बसवली. जाळ चांगला पेटला, की पट्टी ढकलून तोंड लहान करायचे. उष्णता खोलीत जास्त राहते आणि लाकूड कमी लागते. १७५८ साली एका मित्राला त्यांनी या पट्टीविषयी पत्र लिहिले. त्याच पत्रात एक गमतीचे निरीक्षण आहे. उन्हाळ्यात विस्तव पेटवत नाहीत, तरी धुराड्यातली हवा स्वस्थ नसते. संध्याकाळी पाच-सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊपर्यंत ती वर जाते. मग अर्धा तास घुटमळते आणि नंतर संध्याकाळपर्यंत खाली येत राहते. कारण असे, की जाड विटांचे धुराडे हळू तापते आणि हळू निवते. रात्री ते बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते आणि दुपारी थंड. बंद पडलेल्या धुराड्यातून शेजाऱ्याचा धूर भरदुपारी आपल्या खोलीत का उतरतो, हे यावरून उलगडले.

मोकळ्या हवेवर त्यांचा एवढा विश्वास होता, की त्यावरून कधी कधी वादही होत. १७७६ साली प्रवासात त्यांना आणि जॉन ॲडम्स यांना एकाच लहान खोलीत रात्र काढावी लागली. ॲडम्स यांना रात्रीच्या गार हवेची भीती. त्यांनी खिडकी लावून घेतली. फ्रँकलिन यांनी ती उघडायला लावली आणि सर्दी गार हवेने होत नाही, यावर अंथरुणात पडल्या पडल्या व्याख्यान सुरू केले. ते ऐकता ऐकता ॲडम्स यांना झोप लागली.

तोपर्यंत अमेरिकेचा स्वातंत्र्यलढा सुरू झालेला होता. त्याच वर्षी स्वातंत्र्याचा जाहीरनामा तयार झाला. तो तयार करणाऱ्या समितीत फ्रँकलिन होते. मग ते फ्रान्सला गेले, तेथील सरकारची मदत मिळवली आणि १७८३ साली इंग्लंडशी झालेल्या तहावर सही केली. तो सारा इतिहास तुम्ही दुसरीकडे वाचाल. आपण १७८५ च्या उन्हाळ्यात जाऊ.

फ्रँकलिन ७९ वर्षांचे झाले होते. मूतखड्याच्या त्रासामुळे त्यांना गाडीचे हादरे सोसत नसत. फ्रान्स सोडून ते जहाजाने मायदेशी निघाले. सोबत दोन नातू होते. मित्रांना वाटले, आता जहाजावर बसून ते उरलेले आत्मचरित्र पूर्ण करतील. फ्रँकलिन यांनी ते बाजूला ठेवले आणि धूर सोडणाऱ्या धुराड्यांवर एक लांबलचक पत्र लिहिले! ते व्हिएन्नाचे राजवैद्य यान इंगेनहाउझ यांना उद्देशून होते. पुढच्या वर्षी ते छापून प्रसिद्ध झाले.

खोलीत धूर येण्याची नऊ कारणे त्या पत्रात आहेत. पहिले कारण तुम्हांला नवल वाटेल असे आहे. घर नवे आणि चांगले बांधलेले असते, हेच ते कारण! दारे-खिडक्या इतक्या घट्ट बसतात, की हवा आत यायला फटच राहत नाही. हवा आत आली नाही, तर धुराबरोबर बाहेर काय जाणार? याची परीक्षा त्यांनी सांगितली आहे. विस्तव पेटवून दार थोडे उघडायचे. धूर थांबला, की दार हळूहळू लावत आणायचे. धूर पुन्हा खोलीत येऊ लागण्याच्या बेतात असेल, तेथे फट मोजायची. समजा, दार ८ फूट उंच आहे आणि फट अर्धा इंच आहे. ८ फूट म्हणजे ९६ इंच. ९६ ला अर्ध्याने गुणले, की ४८ चौरस इंच. म्हणजे या खोलीला ६ इंच रुंद आणि ८ इंच लांब एवढी हवेची वाट कायम ठेवली पाहिजे. पाहा, वहीवरचे साधे गणित घरातला धूर घालवते.

विस्तवाचे तोंड प्रमाणापेक्षा मोठे असणे, नळी आखूड असणे ही आणखी कारणे. घरात दोन विस्तव असले आणि मधले दार उघडे असले, तर जोरकस धुराडे दुबळ्याच्या वाट्याची हवा ओढून घेते. जवळच उंच इमारत किंवा टेकडी असली, तर धरणावरून पाणी कोसळावे तसा वारा धुराड्याच्या तोंडात कोसळतो. तेथे नळी उंच करावी लागते. एकाच औषधाने सगळी धुराडी बरी होत नाहीत. आधी रोग ओळखावा लागतो.

आणि मग फ्रँकलिन यांनी स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगितली आहे. लंडनजवळ त्यांच्या एका मित्राचे घर होते. तेथील सर्वांत चांगल्या खोलीत विस्तव पेटवणे अशक्य, कारण सगळा धूर खोलीतच येई. फ्रँकलिन यांना वाटले, हे कारण आपण चुटकीसरशी शोधू. त्यांनी विस्तव पेटवायला लावला. दार उघडून पाहिले. हवा कमी नव्हती. विस्तवाचे तोंड लहान करून पाहिले. उपयोग झाला नाही. बाहेर जाऊन वर पाहिले. शेजारची त्याहून आखूड धुराडी चांगली चालत होती. सगळे उपाय संपले. शेवटी आपली विद्या येथे चालत नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. पुढे कारण शोधले ते त्या मित्रानेच, ज्याला या शास्त्रातले काही कळत नव्हते. तो शिडी लावून धुराड्याच्या टोकावर चढला आणि त्याने आत डोकावून पाहिले. आत काटक्या आणि गवत चिखलाने लिंपून बसवलेले होते, वर पिसांचे अस्तर! घर बांधल्यानंतर काही वर्षे रिकामे पडले होते. तेवढ्यात कोणा मोठ्या पक्ष्यांनी तेथे संसार मांडला होता. ते घरटे काढले आणि धूर वर जाऊ लागला.

१४ सप्टेंबर १७८५ रोजी जहाज फिलाडेल्फियाला लागले. तोफा झाल्या, घंटा वाजल्या. ज्या धक्क्यावर बगलेत पाव घेतलेला मुलगा उतरला होता, त्याच शहराच्या धक्क्यावर लोकांची गर्दी लोटली. १७८७ साली राज्यघटना तयार करणाऱ्या सभेत फ्रँकलिन बसले. एक गोष्ट झाकून ठेवता येणार नाही. त्यांच्या स्वतःच्या घरात पूर्वी अनेक वर्षे गुलाम राबत होते. म्हातारपणी त्यांचे मत पालटले. गुलामगिरी बंद व्हावी, म्हणून काम करणाऱ्या संस्थेचे ते अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा अर्ज अमेरिकेच्या संसदेपुढे गेला. संसदेने तो मान्य केला नाही.

१७ एप्रिल १७९० रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, फ्रँकलिन यांचे निधन झाले. त्यांच्या अंत्ययात्रेला सुमारे २०,००० लोक आले होते. फिलाडेल्फियाच्या ख्राइस्ट चर्चच्या दफनभूमीत, पत्नी डेबोरा हिच्या शेजारी त्यांना पुरले. चार वर्षांच्या फ्रान्सिसची लहानशी कबरही तेथेच आहे.